खांबावरील आकडा काय सांगतो? वाहनरोधक अडथळ्यांची चाचणी व प्रतवारी

१ जानेवारी २०२५. देवमाता मरियेच्या सणाची व नववर्षाची पहाट. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या बर्बन स्ट्रीटवर पहाटे सव्वातीनच्या सुमारास नववर्षाचे स्वागत करणाऱ्यांची गर्दी अजून ओसरली नव्हती. रस्त्याच्या तोंडाशी पोलिसांचे वाहन आडवे उभे होते. एका माणसाने आपला पिकअप ट्रक त्या वाहनाला वळसा घालून पदपथावर चढवला आणि तो सरळ गर्दीत घुसवला. चौदा निरपराध माणसे प्राणांस मुकली, कित्येक जायबंदी झाली.

या रस्त्यावर वाहने अडविण्यासाठी पोलादी खांबांची व्यवस्था पूर्वी केलेली होती. परंतु ती नीट चालत नसल्यामुळे नोव्हेंबर २०२४ पासून जुने खांब काढून नवे बसविण्याचे काम सुरू होते. त्या रात्री हे काम अर्धवट होते. हे दुर्दैव तर खरेच. परंतु पुढे जे उघड झाले ते अधिक विचार करायला लावणारे आहे. जे नवे खांब बसवले जाणार होते ते ताशी १० मैल, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर वेगाच्या धडकेपुरतेच प्रमाणित होते. काम वेळेत पुरे झाले असते तरी त्या खांबांनी तो ट्रक अडवला असता, असे म्हणता येत नाही.

खांब डोळ्यांना दिसतो, त्याची ताकद दिसत नाही. ती आकड्यांत सांगितली जाते. हे आकडे कोठून येतात आणि त्यांचा अर्थ काय, हे सामान्य वाचकांस समजावे म्हणून हा लेखप्रपंच.

बोलार्ड हा इंग्रजी शब्द मूळचा बंदरावरचा. धक्क्यावर जहाजाचा दोर अडकविण्यासाठी जो आखूड व जाड खुंट असतो, तो बोलार्ड. किनारपट्टीवरील आपल्या कोळी बांधवांना त्याची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. पुढे हाच शब्द रस्त्याकडेच्या खांबांनाही लागू झाला. आज मुंबईच्या पदपथांवर दिसणारे चकचकीत स्टीलचे खांब हेदेखील बोलार्डच. मात्र त्यांचे काम दुचाकीस्वारांना पदपथावर चढू न देणे एवढेच आहे. परदेशी वकिलातीपुढे उभा असलेला खांबही दिसायला तसाच असेल, परंतु त्याच्या आत काँक्रीट भरलेली जाड पोलादी नळी असते आणि जमिनीखाली सळ्यांचा सांगाडा व काँक्रीटचा पाया असतो. वरचे चकचकीत आवरण ही नुसती शोभा. बाहेरून पाहून या दोघांतला फरक अभियंत्यालाही सांगता येणार नाही, आणि म्हणूनच चाचणी आवश्यक ठरते.

या चाचणीचा इतिहास बैरुतमध्ये सुरू होतो. लेबॅनॉनच्या या राजधानीत १८ एप्रिल १९८३ रोजी अमेरिकेच्या वकिलातीवर स्फोटकांनी भरलेले वाहन आदळवण्यात आले. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, एक अवजड ट्रक तारेचे कुंपण तुडवीत अमेरिकी नौसैनिकांच्या निवासी इमारतीत शिरला व त्यातील स्फोटात २४१ सैनिक ठार झाले. काही मिनिटांतच फ्रेंच सैनिकांच्या तळावरही तसाच हल्ला झाला आणि ५८ जण मृत्युमुखी पडले. पहारेकरी होते, कुंपण होते. परंतु वेगाने येणाऱ्या ट्रकला थांबवील असे काहीच नव्हते. १९८५ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने वाहनरोधक अडथळ्यांच्या चाचणीचे मानक जारी केले. ६,८०० किलो वजनाचा ट्रक घ्यावा, तो ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवावा आणि किती आत शिरतो ते मोजावे, असे त्याचे स्वरूप होते. ताशी ३० मैलांची धडक सोसणारा अडथळा ‘के४’, ४० मैलांची सोसणारा ‘के८’ व ५० मैलांची सोसणारा ‘के१२’. आपल्या मापात हे वेग अनुक्रमे सुमारे ४८, ६४ व ८० किलोमीटर होतात. ही नावे आज जुनी झाली असली तरी विक्रेत्यांच्या तोंडी ‘के१२’ अजून ऐकू येते.

३०, ४०, ५० हे आकडे ऐकताना पायऱ्या सारख्या उंचीच्या वाटतात. तशा त्या नाहीत. शाळेत शिकलेला गतिज ऊर्जेचा नियम येथे आठवावा. वाहनाचे वजन दुप्पट झाले तर धडकेची ऊर्जा दुप्पट होते. परंतु वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. हे समजण्यासाठी एक सोपी कल्पना करता येईल. ताशी १६ किलोमीटरने आदळणारे वाहन म्हणजे जणू एक मीटर उंचीवरून खाली सोडलेले वाहन. ताशी ४८ किलोमीटरने आदळणारे वाहन नऊ मीटरांवरून, म्हणजे साधारण तीन मजल्यांवरून पडल्यासारखे. ताशी ८० किलोमीटरचे मात्र पंचवीस मीटरांवरून, म्हणजे आठ मजली इमारतीच्या गच्चीवरून. ‘के४’ व ‘के१२’ यांच्या ऊर्जेत पावणेतीन पटींहून अधिक अंतर आहे. ‘थोडा कमी प्रतीचा खांब चालेल’ असे म्हणणाऱ्याने हे ‘थोडे’ किती मजल्यांचे, ते आधी पाहावे.

प्रत्यक्ष चाचणी पाहण्यासारखी असते. अडथळा प्रथम मैदानात, ठरलेल्या प्रकारच्या जमिनीत, त्याच्या आराखड्याप्रमाणे पायासकट उभारतात. ट्रकमध्ये वजन भरून तो नेमक्या मापाचा करतात. त्यात चालक नसतो. पोलादी दोराने ओढून किंवा तत्सम योजनेने त्यास वेग दिला जातो आणि धडकेआधी त्याचा वेग अचूक नोंदला जातो. बहुधा तो काटकोनातच आदळतो. सेकंदाला शेकडो चित्रे टिपणारे कॅमेरे चहूबाजूंनी लावलेले असतात, कारण सारा खेळ डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात संपतो. ट्रकचे तोंड खांबाभोवती चेपते, मागची चाके हवेत उचलली जातात आणि केबिनचा चेंदामेंदा होतो. त्यानंतर मोजदाद. मोजायचे काय? ट्रकचे नाक कोठवर गेले हे नव्हे, तर त्याच्या हौद्याची पुढची कड कोठवर पोहोचली हे. स्फोटके हौद्यात असणार असे गृहीत धरले आहे, म्हणून हौद्याला महत्त्व. या अंतरास आपण शिरकाव म्हणू.

अमेरिकेत २००७ साली या मानकाची जागा ‘एएसटीएम एफ२६५६’ या मानकाने घेतली. त्यात ट्रकच्या जोडीला मोटार, पिकअप व २९,५०० किलोचे अवजड वाहन हेही प्रकार आले. ‘एम५०-पी१’ अशी खूण पाहिली तर ‘एम’ म्हणजे ६,८०० किलोचा मध्यम ट्रक, ‘५०’ म्हणजे ताशी ५० मैल आणि ‘पी१’ म्हणजे शिरकाव एक मीटर वा त्याहून कमी. ‘पी२’मध्ये शिरकाव सात मीटरांपर्यंत चालतो आणि ‘पी३’मध्ये तब्बल तीस मीटरांपर्यंत. ब्रिटनने २००५ साली आपले ‘पास ६८’ हे मानक काढले. त्यातील खूण लांबलचक असते, पण अधिक प्रामाणिकही असते असे आमचे मत आहे. वाहनाचे वजन, वेग, धडकेचा कोन, शिरकाव आणि मोठे तुकडे किती दूर उडाले, हे सारे एका ओळीत दिलेले असते. श्रेणीच्या आडोशाला लपण्यास तेथे जागा नाही. पुढे २०१३ साली ‘आयडब्ल्यूए १४’ हा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०२३ पासून ‘आयएसओ २२३४३’ हे जागतिक मानक उपलब्ध आहे.

एक बारकावा येथे नोंदवला पाहिजे. शिरकाव कोठून मोजायचा यावर या मानकांचे एकमत नव्हते. ‘पास ६८’ अडथळ्याच्या मागच्या, म्हणजे सुरक्षित बाजूच्या कडेपासून मोजत असे. ‘आयडब्ल्यूए १४’ पुढच्या, म्हणजे धडकेच्या बाजूपासून. तेव्हा एकाच अडथळ्याला, एकाच धडकेत, दोन वेगळे आकडे मिळू शकतात. दोन विक्रेत्यांची पत्रके शेजारी ठेवून लहान आकडा निवडणाऱ्याची येथे सहज फसगत होते.

याहून मोठी गोष्ट मात्र वेगळीच आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ही सारी मोजमापे इमारत वाचविण्याच्या विचारातून जन्मली. वकिलातीच्या भिंतीपासून स्फोटके जितकी दूर थांबतील तितके बरे, असा तो हिशेब आहे. भिंत जर चाळीस मीटर मागे असेल, तर ‘पी२’ श्रेणीतील सात मीटरांचा शिरकाव परवडतो. परंतु खांबाच्या मागे भिंत नसून माणसे उभी असतील तर? मग सात मीटर म्हणजे सात मीटर माणसे. ‘पी१’ खांबाच्या बाबतीतसुद्धा मोजले जाते ते हौद्याचे अंतर. ट्रकचे चेपलेले नाक व उडालेले तुकडे खांबापलीकडे जाऊ शकतात. प्रमाणित खांबाला पाठ टेकवून उभा राहिलेला मनुष्य सुरक्षित आहे, असे कोणतेही मानक म्हणत नाही. १४ जुलै २०१६ रोजी फ्रान्समधील नीस शहरात १९ टनी ट्रकने समुद्रकिनाऱ्याच्या मार्गावर ८६ जणांना चिरडले, त्यानंतर वाहनरोधक अडथळे वकिलातीपुढून उठून बाजारात व जत्रेत आले. मानके मात्र आपला जुना वारसा घेऊनच आली.

खुणेत काय लिहिलेले नसते, तेही पाहू. धडक सोसून खांब शाबूत राहिला पाहिजे अशी अट नाही. एकदा अडवून तो वाकला तरी चाचणी यशस्वी. दुसऱ्या धडकेची हमी कोणी दिलेली नाही. तसेच प्रमाणपत्र हे एकट्या खांबाचे नसून खांब, पाया व जमीन या त्रयीचे असते. तीन खांब एका सलग पायावर उभे करून चाचणी झाली असेल आणि आपण त्यातला एकच सुटा बसवला, तर कागदावरची प्रत आपल्या दारी लागू होत नाही. शहरांत जमिनीखाली वीज, पाणी, टेलिफोन यांच्या वाहिन्यांचे जाळे असते. कंत्राटदार म्हणतो, ‘पाया थोडा उथळ घेऊ.’ उथळ पायाचे खास प्रमाणित खांबही मिळतात, परंतु खोल पायासाठी प्रमाणित झालेला खांब उथळ पुरला तर तो केवळ पोलादाचा तुकडा ठरतो.

जमिनीत न रोवलेल्या अडथळ्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. १९ डिसेंबर २०१६ रोजी बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक घुसवला गेला व तेरा जणांचा बळी गेला. जर्मनीतील शहरांनी त्यानंतर घाईघाईने काँक्रीटचे ठोकळे आणून ठेवले. पाहणाऱ्याला धीर देणारे हे ठोकळे २०१७ साली एका जर्मन दूरचित्रवाणी वाहिनीसाठी देक्रा या तपासणी संस्थेने धडक-चाचणीत घातले. दहा टनांचा ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने आदळला आणि ठोकळे बाजूला फेकले गेले; ट्रक पुढे निघून गेला. ठोकळा नुसता जड असून भागत नाही, कारण ट्रक त्याच्यापेक्षा कितीतरी जड असतो. ओघात एक आठवण. डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रातील राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली, तेव्हा दिल्ली पोलिसांनी अमेरिकी वकिलातीबाहेरील रस्त्यावरचे काँक्रीटचे अडथळे निषेधादाखल यंत्रे लावून उचलून नेले. त्या घटनेचा राजकीय अर्थ काहीही असो, ठेवलेला अडथळा आणि रोवलेला अडथळा यांतील फरक तिने सर्वांसमक्ष दाखवला.

आता न्यू ऑर्लिन्सकडे पुन्हा वळू. तेथे अज्ञान होते असे मानू नये. शहरासाठी अभियंत्यांनी एप्रिल २०२४ मध्ये हिशेब मांडलेला होता. वेगवेगळ्या कोपऱ्यांवरून पिकअप ट्रक बर्बन स्ट्रीटमध्ये किती वेगाने शिरू शकेल, याचे त्यांचे उत्तर होते ताशी १२ ते ७० मैल, म्हणजे सुमारे १९ ते ११२ किलोमीटर. एवढे ठाऊक असताना निविदेत मागणी झाली ती १० मैलांच्या खांबांची. वेग सातपट, म्हणजे ऊर्जा एकोणपन्नास पट! एक मीटरवरून पडणारे वाहन झेलण्यासाठी केलेली व्यवस्था पन्नास मीटरांवरून पडणाऱ्या वाहनासमोर उभी राहणार होती.

असे का झाले? येथे दोष देण्याची घाई करू नये. जुने खांब रुळांवरून सरकवावे लागत आणि मार्दी ग्राच्या, म्हणजे उपवासकाळापूर्वीच्या कार्निवलच्या मिरवणुकांत उधळल्या जाणाऱ्या माळांचे मणी त्या रुळांत अडकून बसत. खांब सरकेनासे झाले. त्या अनुभवाने पोळलेल्या प्रशासनाला असे खांब हवे होते जे रोज संध्याकाळी लावता व सकाळी काढता येतील, ज्यांची देखभाल सोपी असेल. सोय ही खोटी गरज नव्हे. उघडझाप न होणारा भक्कम अडथळा शेवटी उघडाच राहतो. परंतु सोयीचा विचार करताना वेगाचा प्रश्न मागे पडला. ताशी १०, २० व ३० मैलांच्या धडकांसाठी २०१४ साली निघालेले मानक आहे. ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबला जाऊन दुकानात घुसणारी मोटार अडवावी यासाठी ते आहे आणि त्या कामाला योग्यही आहे. हेतुपुरस्सर वेग घेऊन येणाऱ्या वाहनासाठी ते नाही.

म्हणून जाणकार लोक खांबापासून नव्हे तर रस्त्यापासून सुरुवात करतात. सरळ, लांब रस्ता असेल तर वाहन वेग घेईल. दोन वळणे घातली तर घेणार नाही. वळणदार मार्गावर कमी प्रतीचा अडथळाही पुरतो. लंडनमधील आर्सेनल फुटबॉल क्लबच्या मैदानासमोर क्लबच्या नावाची प्रचंड काँक्रीट अक्षरे उभी आहेत. मुले त्यांवर बसून छायाचित्रे काढतात, आणि तीच अक्षरे वाहनाला वाट देत नाहीत. सुरक्षेची व्यवस्था पाहून जीव दडपलाच पाहिजे असे नाही.

खांबांनी जीव वाचविल्याची उदाहरणेही आहेत. ३० जून २००७ रोजी स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विमानतळाच्या प्रवेशदारावर गॅसची नळकांडी भरलेली जीप आदळवण्यात आली. दारापुढच्या खांबांमुळे ती प्रवाशांनी भरलेल्या दालनात शिरू शकली नाही. १८ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये पदपथावरून माणसांना उडवीत सुटलेली मोटार पोलादी खांबांवर चढून थांबली. तोपर्यंत एका तरुणीचा जीव गेला होता व वीसहून अधिक जखमी झाले होते. खांब ज्या ठिकाणी होते त्या ठिकाणापासूनच त्यांचा उपयोग सुरू झाला. व्हॅटिकनमध्येही १८ मे २०२३ रोजी एक मोटार संत अॅना द्वारातून पहारा चुकवून वेगाने आत गेली. सुरक्षारक्षकाने चाकाच्या दिशेने गोळी झाडली, तरी ती थांबली नाही. तेव्हा संत पेत्राच्या महामंदिराची मागची बाजू, उद्याने व तेव्हाचे पोप फ्रान्सिस राहत असलेल्या सांता मार्ता निवासाकडे जाणारे पुढचे फाटक तातडीने बंद केले गेले. मोटार सान दामासो अंगणात पोहोचली व चालक स्वतःच खाली उतरला. गोळीने जे साधले नाही ते बंद फाटकाने साधले.

याउलट २० डिसेंबर २०२४ रोजी जर्मनीतील माग्डेबुर्ग येथील नाताळ बाजाराभोवती अडथळे होते, पण रुग्णवाहिका व अग्निशमन दलासाठी ठेवलेली वाट मोकळी होती. मोटार त्याच वाटेने आत आली. सहा जणांचा मृत्यू झाला, त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्या वाटेला प्रमाणपत्र देणारे कोणतेही मानक नाही, कारण तेथे चाचणी घेण्याजोगे काही नव्हतेच. अशी वाट ठेवावीच लागते. तिच्यात हलविता येणारा अडथळा असावा व त्यापाशी तो हलविणारा माणूस असावा, एवढे तरी व्हायला हवे.

आपल्याकडे सप्टेंबरात बांद्र्याला मोतमावलीच्या जत्रेत आठवडाभर लाखो भाविक येतात. नाताळच्या रात्रीही अनेक चर्चच्या आवारांबाहेर रस्त्यावर गर्दी होते. तेथे दिसणारी लोखंडी बॅरिकेड्स गर्दीला दिशा देण्यासाठी व वाहनचालकाला ‘येथून वळा’ असे सांगण्यासाठी असतात. ते काम ती चोख करतात. वेगवान वाहन अडविणे हे त्यांचे काम नव्हे आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवू नये. रस्ता बंद करण्याची जागा जर गर्दीपासून दूर, वळणाच्या अलीकडे निवडली, तर एक पैसाही खर्च न करता वाहनाचा वेग कमी होतो.

ज्या धर्मग्रामांतून चर्चच्या फाटकाशी खांब बसवले गेले आहेत वा बसवण्याचा विचार आहे, तेथे मोजपट्टी घेऊन एक माप जरूर घ्यावे. वाहन अडविण्याच्या दृष्टीने दोन खांबांमधील मोकळी जागा १.२ मीटरहून अधिक नसावी, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आणि चाकांच्या खुर्चीला निर्वेध जाण्यासाठी ती ९० सेंटिमीटरहून कमी नसावी. मुंबईत पदपथांवरील खांब इतके जवळजवळ रोवले गेले होते की चाकांच्या खुर्चीत वावरणाऱ्यांना पदपथच बंद झाला. अशाच एका नागरिकाने पाठवलेल्या ईमेलची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेतली. ९० सेंटिमीटर ते १.२ मीटर या तीस सेंटिमीटरांच्या फटीत मोटारीला मज्जाव होतो आणि खुर्चीतून मिस्साला येणाऱ्या आजीबाईंना वाट मिळते. कंत्राटदाराने खड्डे खणण्यापूर्वीच जमिनीवर खडूने हे माप आखून घ्यावे.